रिले फडफडतोय? कंपॅरेटर बदलण्याआधी हे तपासा

अंधार पडला की दिवा लावणारं, टाकी भरली की पंप थांबवणारं किंवा तापमान वाढलं की पंखा सुरू करणारं सर्किट टेबलावर छान चालतं. जागेवर बसवलं की नेमकं बदलाच्या क्षणी अडखळतं: रिले (कॉइलने ओढला जाणारा स्विच) एकदाच ‘टक्’ न करता ‘टर्रर्र’ करतो. मग आयसी खराब आहे असं समजून तो बदलला जातो आणि नवा आयसीही तेच करतो. हा आयसी म्हणजे कंपॅरेटर: दोन व्होल्टेजांची तुलना करून आउटपुट वर किंवा खाली नेणारा. तो बहुतेक वेळा निर्दोष असतो. त्याच्या दोन इनपुटांवर जे थरथरतंय तेच तो इमानदारीने बाहेर दाखवत असतो. शोधायचं ते थरथर कुठून येते हे.

उदाहरणासाठी सगळ्यात जास्त बनवलं जाणारं सर्किट घेऊ, म्हणजे आकडे नेमके देता येतील. १२ व्होल्टचा पुरवठा आणि एलएम३९३ आयसी. पिन ३ (अधिक इनपुट) वर १० किलोओमचे दोन रेझिस्टर लावून ६ व्होल्टचा संदर्भ. पिन २ (उणे इनपुट) वर एलडीआर (उजेडात रेझिस्टन्स कमी होणारा सेन्सर) आणि पॉट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) यांचा डिव्हायडर, म्हणजे व्होल्टेज विभागणारी जोडी: एलडीआर वर १२ व्होल्टला, १०० किलोओमचा पॉट खाली ग्राउंडला. आउटपुट म्हणजे पिन १, तिला १२ व्होल्टपासून ४.७ किलोओमचा पुल-अप (आउटपुट वर ओढणारा रेझिस्टर). तिथून आणखी एक ४.७ किलोओम बीसी५४७ ट्रान्झिस्टरच्या बेसला आणि कलेक्टरमध्ये ४०० ओम कॉइलचा १२ व्होल्टचा रिले. अंधार झाला की पिन २ चं व्होल्टेज ६ च्या खाली जातं, आउटपुट वर जातं, रिले ओढतो. पिन ८ ला पुरवठा, पिन ४ ला ग्राउंड.

एलडीआर झाकायची आणि लोड लावून पाहायची चाचणी सोडली, तर तपासणीभर रिलेच्या कॉन्टॅक्टकडचा २३० व्होल्टचा भाग पूर्ण सोडवून ठेवा. खालची जवळपास सगळी कामं १२ व्होल्टवर होतात.

लक्षणं आधी ऐका

या दोषात कान मल्टिमीटरइतकाच कामाचा आहे.

दिवा सेकंदाला एक-दोन वेळा लागतो-विझतो आणि थांबतच नाही. हा बहुतेक वेळा विजेचा दोष नसतो, प्रकाशाचा असतो.

रिले भुंग्यासारखा गुणगुणतो आणि हे संध्याकाळी काही सेकंदच चालतं. इनपुटवर १०० हर्ट्झची थरथर आहे. ती पुरवठ्यातल्या रिपलची (डीसीवर उरलेल्या चढ-उताराची) असेल किंवा जवळच्या दिव्याच्या लुकलुकण्याची.

रिलेचा आवाज नाही, पण तो अर्धवट ओढलेला वाटतो, बीसी५४७ गरम होतो आणि आउटपुटवरचा एलईडी मंद जळतो. आयसी वेगाने दोलन करतोय. इतक्या वेगाने रिले हलू शकत नाही, म्हणून तो गप्प बसतो. हे लक्षण फसवं असतं, कारण मीटर आउटपुटवर स्थिर चार-पाच व्होल्ट दाखवतो आणि आयसी ‘अर्धवट’ मेल्यासारखा वाटतो.

एरवी ठीक, पण पंप, फ्रीज किंवा मिक्सर चालू-बंद झाला की रिले उगाच टकटकतो. बाहेरून झटके येताहेत.

रिकामा रिले स्वच्छ चालतो, दिवा किंवा पंप जोडला की फडफडतो. दोष कॉन्टॅक्टच्या बाजूला आहे.

आउटपुट कधी वर जातच नाही, किंवा कधी खाली येतच नाही. हा वेगळा आजार आहे, पण लोक दोन्ही एकत्र करतात, म्हणून तोही पुढे घेतलाय.

फुकटातली पहिली तपासणी: एलडीआरवर हात

दिवा लुकलुकत असताना एलडीआर पूर्ण झाका, काळ्या टेपने किंवा पेनाच्या टोपणाने. दिवा स्थिर पेटून राहिला तर दोष सापडला: दिव्याचा स्वतःचाच उजेड एलडीआरवर पडतोय. दिवा लागतो, एलडीआरला दिवस वाटतो, दिवा विझतो, पुन्हा रात्र. हे हिस्टेरेसिस (चालू आणि बंद व्हायच्या पातळ्यांमधलं अंतर) वाढवून सुटत नाही, कारण दिव्याने केलेला फरक एखाद्या व्होल्टचा नसून कित्येक व्होल्टचा असतो. एलडीआरची जागा बदला. तोंड आकाशाकडे, शक्यतो उत्तरेकडे ठेवा. उत्तरेकडे थेट ऊन कमी पडतं, म्हणून एलडीआर टिकतोही जास्त. भोवती २-३ सेंटीमीटर लांबीची काळी नळी लावा. समोरच्या पांढऱ्या भिंतीवरून परतणारा उजेडही पुरतो, ते विसरू नका.

दोष दिव्याच्या स्वतःच्या उजेडाचा नसेल, तर एलडीआर काढून त्याच्या जागी २२ किलोओमचा साधा रेझिस्टर लावा आणि पॉट हळूहळू फिरवत उंबरठ्याजवळ, म्हणजे आउटपुट पलटतं त्या व्होल्टेजजवळ, आणा. आता फडफड गेली, तर थरथर प्रकाशातून येत होती: रस्त्यावरचा किंवा शेजारच्या खोलीतला दिवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी बल्ब सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते दिसत नाही, एलडीआरला थोडं दिसतं. रेझिस्टर लावूनही फडफड राहिली, तर थरथर तारांतून किंवा पुरवठ्यातून येतेय.

या एका अदलाबदलीने निम्मं रान मोकळं होतं. तरी ती कोणी करत नाही.

पुरवठा, आणि तोही संध्याकाळी मोजा

बरीच सर्किटं १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, डायोडचा ब्रिज, १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि ७८१२ (१२ व्होल्टचा रेग्युलेटर आयसी) अशी बनवलेली असतात. दुपारी २३० व्होल्टला हिशेब असा: १२ व्होल्ट एसीचं शिखर १७, त्यातून ब्रिजचे दोन डायोड १.४ घेतात, उरतात १५.६. ६० मिलिअँपिअर लोडला १००० मायक्रोफॅरडवर साधारण ०.६ व्होल्टचा रिपल, म्हणजे तळाला १५. ७८१२ ला इनपुट आउटपुटपेक्षा साधारण २ व्होल्टने जास्त लागतं, १४ पुरतात. सगळं ठीक.

आता गावात संध्याकाळी सात वाजता लाइन १८० वर आली असं धरा. शिखर १३.३, डायोड वजा करून ११.९. ७८१२ कडे नियंत्रण करायला काही उरत नाही आणि रिपल सरळ आउटपुटवर उतरतो. अंधार पडायची वेळ आणि लाइन खाली बसायची वेळ एकच असते. म्हणून हे सर्किट दुकानात कधी चुकत नाही आणि खांबावर रोज चुकतं. दिवसा तपासून ‘पुरवठा ओके’ म्हणण्यात अर्थ नाही.

उपाय स्वस्त आहे: १५ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर. १८० व्होल्टलाही त्याचं शिखर डायोडनंतर १५.२ राहतं आणि २५० ला ७८१२ मध्ये जेमतेम अर्धा-पाऊण वॅट जळतो. किंवा चांगला १२ व्होल्ट १ अँपिअरचा एसएमपीएस अडॅप्टर. तपासणीपुरतं म्हणाल तर १२ व्होल्टची बॅटरी जोडा. बॅटरीवर फडफड पूर्ण थांबली, तर पुढचं काही वाचायची गरज नाही.

रिपल मीटरने मोजायचा तर एक सापळा आहे. दोन-तीनशे रुपयांत मिळणाऱ्या पिवळ्या डीटी-८३० जातीच्या मीटरची सर्वांत लहान एसी रेंज २०० व्होल्टची असते, तिच्यात ५० मिलिव्होल्ट दिसत नाहीत. शिवाय डीसी असलेल्या बिंदूवर ती भलताच आकडा दाखवते. चांगला मीटर असेल तर प्रोबच्या वाटेत ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घालून मिलिव्होल्ट एसीवर मोजा. नसेल तर उलटी चाचणी करा: पिन २ आणि ग्राउंडमध्ये १० मायक्रोफॅरड धरून पाहा. फडफडीचा स्वर किंवा कालावधी बदलला, तर थरथर पिन २ वर आहे.

आयसीच्या पायांशी

पिन ८ आणि ४ च्या मध्ये, शक्य तितक्या जवळ, ‘१०४’ लिहिलेला सिरॅमिक कपॅसिटर आहे का? एलएम३९३ च्या जुन्या डेटाशीटमध्ये बायपास कपॅसिटरची सहसा गरज नाही असं छापलंय आणि काही जण तेवढंच वाचून थांबतात. आयसीच्या आतल्या बायसपुरतं ते खरं आहे. त्याच तारेवर रिले बसला असेल तर लावाच. रुपया-दोन रुपयांचा भाग.

पुल-अप आहे का? एलएम३९३ आणि त्याचा चार कंपॅरेटरवाला भाऊ एलएम३३९ यांचं आउटपुट ओपन कलेक्टर असतं. ते खाली ओढू शकतं, वर ढकलू शकत नाही. पुल-अपशिवाय पिन १ अधांतरी राहते. हा दोष हमखास येतो तो एलएम३५८ काढून एलएम३९३ बसवल्यावर. दोघांच्या पिना तंतोतंत जुळतात, आउटपुटची जात मात्र वेगळी. उलट अदलाबदल केली, म्हणजे ३९३ च्या जागी ३५८, तर रिलेपुरतं चालून जातं. पण ३५८ चा वेग मायक्रोसेकंदाला ०.३ व्होल्ट, म्हणजे १२ व्होल्ट पार करायला ४० मायक्रोसेकंद. वेगवान पल्स मोजायचे असतील तिथे तो नको.

पुल-अप फार लहानही नको. आउटपुट खाली असताना त्यातून जाणारा सगळा करंट आयसी पितो. एलएम३९३ किमान ६ मिलिअँपिअर पिण्याची हमी देतो आणि ०.४ व्होल्टच्या खालचं आउटपुट ४ मिलिअँपिअरपर्यंतच. १२ व्होल्टला ४.७ किलोओम म्हणजे २.५ मिलिअँपिअर, बरोबर. १ किलोओम लावला तर १२ मिलिअँपिअर होतात; आउटपुट पुरतं खाली येत नाही, बीसी५४७ पुरता बंद होत नाही आणि रिले लटकून राहतो.

इनपुट मर्यादेत आहेत का? एलएम३९३ चे इनपुट ग्राउंडपर्यंत खाली चालतात, वर मात्र पुरवठ्यापेक्षा १.५ व्होल्ट कमी, आणि सर्व तापमानांचा विचार केला तर २ व्होल्ट कमी. १२ व्होल्टला १० पर्यंत मोकळीक आहे. ५ व्होल्टला फक्त ३ पर्यंत. अर्डुइनोच्या शेजारी लावलेल्या छोट्या निळ्या-लाल सेन्सर बोर्डांत पॉट चारच्या पुढे नेऊन ‘सेन्सर बिघडला’ म्हणणारे बरेच असतात. दोन्ही इनपुट त्या मर्यादेच्या वर गेले की आउटपुटवर विश्वास ठेवू नये. आणि इनपुट ग्राउंडच्या ०.३ व्होल्टपेक्षा जास्त खाली गेलं, जसं एसी थेट जोडल्यावर होतं, तर आउटपुट उलटंही पडतं. तिथे मालिकेत १० किलोओम आणि ग्राउंडकडून शॉट्की डायोड हवा.

न वापरलेला दुसरा कंपॅरेटर: पिन ५ आणि ६ मोकळ्या सोडू नका, ग्राउंडला जोडा. पिन ७ मोकळी चालते. मोकळ्या इनपुटचा कंपॅरेटर हवेतला गुणगुणाट पकडून आतल्या आत खटखट करत बसतो आणि ती खटखट शेजाऱ्याला ऐकू जाते.

मूळ औषध: हिस्टेरेसिस

इथवर सगळं ठीक असूनही फडफड राहिली, किंवा फिडबॅकचा (आउटपुटकडून इनपुटकडे परत नेणारा) रेझिस्टर सर्किटमध्ये मुळातच नसेल, तर खरं काम आता सुरू होतं.

एलएम३९३ चा गेन (इनपुटमधला फरक तो किती पटीने वाढवतो) साधारण २ लाख. म्हणजे आउटपुट १२ व्होल्ट हलवायला इनपुटवर ६० मायक्रोव्होल्टचा फरक पुरतो. दुसऱ्या बाजूला संध्याकाळचा उजेड हळू उतरतो. उंबरठ्याजवळ पिन २ चं व्होल्टेज सेकंदाला साधारण ८ मिलिव्होल्टने सरकतं असं धरा. इनपुटवर २० मिलिव्होल्टची १०० हर्ट्झ थरथर असेल, तर ती ओलांडायला अडीच सेकंद लागतात आणि तेवढ्यात आउटपुट अडीचशे वेळा वर जाऊन खाली येतं. रिलेचे कॉन्टॅक्ट जळतात ते या अडीच सेकंदांत. थरथर शून्य केली तरी आयसीची स्वतःची आउटपुट पिन शेजारच्याच पिन २ ला हवेतून ढोसत असते (१ आणि २ लागून आहेत), म्हणून तो मधल्या पट्ट्यात दोलन करतो. सॉकेटमध्ये बसवून लांब पायांचे रेझिस्टर लावले की हे जास्त होतं. डेटाशीटही तेच सांगते: इनपुट रेझिस्टर १० किलोओमच्या खाली ठेवा आणि १ ते १० मिलिव्होल्ट का होईना, हिस्टेरेसिस द्या.

म्हणजे उंबरठे दोन करायचे: चालू व्हायचा एक, बंद व्हायचा दुसरा. अमेरिकन शास्त्रज्ञ ऑटो श्मिट यांनी १९३० च्या दशकात व्हॉल्व्ह (निर्वात नळ्या) वापरून हेच केलं आणि ‘श्मिट ट्रिगर’ हे नाव तिथून आलं. आपल्याला एकच रेझिस्टर लागतो: पिन १ पासून पिन ३ कडे. पिन २ कडे नव्हे. उणे इनपुटला जोडलेला फिडबॅक सर्किटला स्थिर करण्याऐवजी कायम दोलनात टाकतो, आणि ही चूक पाव्हण्यासारखी वारंवार येते, कारण ब्रेडबोर्डवर २ आणि ३ शेजारी आहेत.

किती किलोओम? इथे जवळपास सगळे हिशेब एका ठिकाणी चुकतात. सूत्र सोपं आहे: दोन उंबरठ्यांमधलं अंतर म्हणजे आउटपुटचा झोका, गुणिले संदर्भाचा रेझिस्टन्स, भागिले (संदर्भाचा रेझिस्टन्स अधिक फिडबॅकचा). आपल्याकडे १० किलोओमचे दोन रेझिस्टर आहेत, ते इथे समांतर धरायचे, म्हणून संदर्भाचा रेझिस्टन्स ५ किलोओम. झोका सगळे १२ व्होल्ट धरतात. पण आउटपुट वर असताना ४.७ किलोओमच्या दोन रेझिस्टरांतून बीसी५४७ च्या बेसला करंट जातोय. १२ मधून बेसचे ०.७ गेले, ११.३ भागिले ९.४ किलोओम म्हणजे १.२ मिलिअँपिअर. पिन १ वर उरतात ०.७ अधिक १.२ गुणिले ४.७, म्हणजे जेमतेम ६.३ व्होल्ट. खाली असताना ०.२. झोका सहाचा आहे, बाराचा नाही. ४७० किलोओम लावून कागदावर १२६ मिलिव्होल्ट येतात, प्रत्यक्षात ६५. ‘हिस्टेरेसिस दिलंय तरी फडफडतो’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं.

म्हणून आधी मीटर लावा: आउटपुट वर असताना पिन १ वर किती आणि खाली असताना किती. त्या फरकावरून रेझिस्टर ठरवा. सहाच्या झोक्याला २२० किलोओम साधारण १३७ मिलिव्होल्ट देतो, १०० किलोओम २९० आणि ५६ किलोओम अर्धा व्होल्ट. अंधाराच्या दिव्याला ५६ किलोओम बिनधास्त लावा. उंबरठे ५.५ आणि ६.० च्या आसपास येतात. दिवा संध्याकाळी मिनिटभर उशिरा लागेल, कोणाचं काही बिघडत नाही. तापमानाच्या सर्किटमध्ये मात्र एवढं अंतर म्हणजे कित्येक अंशांचा फरक. तिथे आधी थरथर मोजा आणि तिच्या दुप्पट-तिप्पट हिस्टेरेसिस ठेवा, त्याहून जास्त नाही.

बसवल्यावर खात्री करायला स्कोप (ऑसिलोस्कोप) लागत नाही. २० व्होल्टच्या रेंजवर पिन ३ मोजा, रिले चालू असताना आणि बंद असताना. ५६ किलोओमला ६.०३ आणि ५.५२ च्या आसपास दिसायला हवं. दोन्ही वेळा एकच आकडा आला, तर फिडबॅक पोहोचतच नाही: सोल्डर कच्चा आहे किंवा रेझिस्टर चुकीच्या पिनेवर आहे.

पिन ३ वर, म्हणजे संदर्भावर, ‘स्थिर राहावा’ म्हणून लावलेला कपॅसिटर शोधा आणि काढा. दिसायला शहाणपणाचं काम वाटतं, पण ५ किलोओम आणि ०.१ मायक्रोफॅरड मिळून अर्धा मिलिसेकंद होतो. आयसी मायक्रोसेकंदात पलटतो आणि फिडबॅक अर्ध्या मिलिसेकंदाने पोहोचतो. मधल्या काळात हिस्टेरेसिस आहे की नाही हे आयसीला कळतच नाही.

कपॅसिटर हवा तो पिन २ वर. १० मायक्रोफॅरड लावला तर १०० हर्ट्झची थरथर साठपटीने दबते, ४७ मायक्रोफॅरडने गाडीच्या हेडलाइटची झलकही बरीच मऊ होते. पण हा हिस्टेरेसिसचा पर्याय नाही. कपॅसिटर बदल आणखी संथ करतो आणि संथ बदल उंबरठ्यावर जास्त वेळ रेंगाळतो. दोन्ही लावा.

तयार सेन्सर बोर्डांत बहुतेक वेळा हिस्टेरेसिस नसतंच. कोणत्या पिनेवर पॉट आहे ते मीटरने ओळखा: पॉट फिरवल्यावर जिचं व्होल्टेज बदलतं ती. दोन्ही प्रकारांत रेझिस्टर पिन १ आणि ३ मध्येच जातो. पिन ३ वर सेन्सरचा १० किलोओमचा डिव्हायडर असेल आणि पुरवठा ५ व्होल्ट असेल, तर १०० किलोओमने दोन-अडीचशे मिलिव्होल्टचं अंतर मिळतं.

एलएम३११ वापरत असाल तर आणखी एक: पिन ५ आणि ६ वापरात नसतील तर एकमेकींना जोडा. मोकळ्या सोडल्या की त्या अँटेना होतात. हा आयसी ३९३ पेक्षा कितीतरी चपळ आहे, म्हणून चिडतोही लवकर.

रिले स्वतः गोंधळ घालतो तेव्हा

पिन १ वरची बीसी५४७ ची वाट तोडा आणि तिथे २.२ किलोओम आणि एलईडी लावा. एलईडी स्वच्छ पेटतो-विझतो आणि रिले लावला की फडफड सुरू होते, तर रिलेचा करंट परत इनपुटपर्यंत पोहोचतोय.

कॉइलवर १एन४००७ आहे का आणि त्याची पट्टी अधिककडे आहे का, ते पाहा. डायोडशिवाय कॉइल बंद होताना शेकडो व्होल्टचा झटका देते. बीसी५४७ ची मर्यादा ४५ व्होल्ट आहे.

मग ग्राउंड. रिलेचे ३० मिलिअँपिअर आणि सेन्सरचं ग्राउंड एकाच बारीक तारेतून किंवा ब्रेडबोर्डच्या ढिल्या भोकातून जात असतील आणि तिथे अर्धा ओम असेल, तर १५ मिलिव्होल्ट हलतात. रिलेचं ग्राउंड थेट फिल्टर कपॅसिटरच्या उणे टोकाला न्या, आयसीचं वेगळ्या तारेने तिथेच.

संदर्भासाठी झेनर (ठरावीक व्होल्टेज धरून ठेवणारा डायोड) वापरला असेल आणि एलडीआरचा डिव्हायडर १२ व्होल्टवर असेल, तर ते जुळत नाही. रिले ओढताना पुरवठा ०.३ व्होल्टने बसला की डिव्हायडर ०.१५ ने खाली येतो, झेनर जागचा हलत नाही, कंपॅरेटरला उजेड बदलल्यासारखं वाटतं. दोन्ही एकाच पुरवठ्यावरून घेतले की दोघं बरोबरच बसतात आणि फरक पडत नाही. इथे दोन साधे रेझिस्टर महागड्या संदर्भापेक्षा बरे.

एलडीआर पाच-दहा मीटर लांब असेल आणि त्याची तार मेनच्या तारेला बांधून नेली असेल, तर ५० हर्ट्झ भरणारच. पिळलेली जोडी किंवा शील्डची तार घ्या, शील्ड सर्किटच्या एकाच टोकाला ग्राउंड करा, पिन २ च्या आधी १ किलोओम आणि पिनेपाशी कपॅसिटर.

लोड लावल्यावरच त्रास होत असेल, तर कॉन्टॅक्टची ठिणगी झटके पाठवतेय. पंपाचा कॉन्टॅक्टर किंवा चोक असलेली ट्यूब असेल तर १०० ओम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा स्नबर (झटके शोषणारी जोडी) लागतो. कपॅसिटर एक्स२ जातीचा, २७५ व्होल्ट एसी छापलेलाच. तो लोडच्या दोन टोकांवर लावायचा. कॉन्टॅक्टवर लावला तर बंद असतानाही त्यातून ७ मिलिअँपिअर वाहतात आणि एलईडी दिवा रात्रभर मंद मिणमिणतो. मग नवी तक्रार सुरू.

आयसी बदलण्याची पाळी सगळ्यात शेवटी. बदलताना सॉकेट टाळा आणि भाग ओळखीच्या दुकानातून घ्या. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की पुण्याची तपकीर गल्ली, नेहमीच्या भावापेक्षा फारच स्वस्त मिळणाऱ्या आयसीवरची छपाई बोटाने घासून पाहा.

इथे थांबा

बोर्डावर ट्रान्सफॉर्मर नसेल आणि त्याच्या जागी ‘१०५’ किंवा ‘२२५’ लिहिलेला, ४०० व्होल्टचा चौकोनी कपॅसिटर असेल, तर काम बंद. तो कपॅसिटरवर चालणारा पुरवठा आहे. त्याचं ‘ग्राउंड’ थेट लाइनला जोडलेलं असू शकतं. १२ व्होल्ट दिसत असले तरी त्या बोर्डाच्या कुठल्याही भागाला हात लावणं म्हणजे मेनला हात लावणं, आणि स्कोपचं ग्राउंड जोडलं तर स्कोपही जाईल. बाजारातले स्वस्त, सीलबंद अंधार-सेन्सर बहुधा असेच असतात. ते उघडू नका, नवा लावा, आणि तो लावायचं काम वायरमनला द्या.

रस्त्यावरच्या खांबावरचा दिवा ग्रामपंचायतीचा, नगरपालिकेचा किंवा वीज कंपनीचा असतो. शिडी लावून स्वतः चढायचं नाही, तक्रार नोंदवायची.

पंप तीन फेजचा असेल, स्टार्टर काळा पडला असेल, रिलेचे कॉन्टॅक्ट चिकटले असतील (सर्किटचा १२ व्होल्टचा पुरवठा काढूनही दिवा चालूच), आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) उडत असेल किंवा जळका वास येत असेल, तर परवानाधारक इलेक्ट्रिशियनला बोलवा. त्याला तीन गोष्टी सांगितल्यात तर त्याचा तास वाचेल: एलडीआरच्या जागी रेझिस्टर लावल्यावर काय झालं, बॅटरीवर काय झालं, आणि लोड काढल्यावर काय झालं.